माशांचे रंग फिके का पडतात? उत्तर टाकीच्या तळाशी

शोभिवंत माशांच्या दुकानात लाल-निळ्या रंगांनी झळकणारा मासा घरच्या काचेच्या टाकीत सोडल्यावर दोन-चार दिवसांतच फिकट दिसू लागतो, अशी तक्रार मासे पाळण्याचा छंद असणाऱ्यांकडून वारंवार केली जाते. अशा वेळी दुकानदाराने फसविल्याचा संशय घेतला जातो, किंवा मासा आजारी असल्याचे गृहीत धरून टाकीत औषध ओतले जाते. प्रत्यक्षात अनेकदा माशाला कोणताही आजार झालेला नसतो आणि दुकानदारानेही लबाडी केलेली नसते. टाकीच्या तळाशी हौसेने अंथरलेली पांढरीशुभ्र खडी हेच त्याचे कारण असू शकते. भोवतालचा रंग पाहून आपली त्वचा कमी-अधिक गडद करण्याची क्षमता माशांच्या असंख्य जातींमध्ये उपजत असते आणि या क्षमतेचा अभ्यास शास्त्रज्ञ दीडशे वर्षांपासून करीत आले आहेत.

माशाच्या त्वचेत रंगपेशी नावाच्या विशिष्ट पेशी विखुरलेल्या असतात. काही पेशींमध्ये मेलॅनिन या काळसर द्रव्याचे सूक्ष्म कण असतात, तर काहींमध्ये पिवळे आणि तांबडे रंगद्रव्य असते. चंदेरी अथवा निळसर चमक मात्र बहुतेक माशांत रंगद्रव्यामुळे येत नाही. ग्वानिन या पदार्थाच्या अतिशय पातळ स्फटिकांवरून प्रकाश परावर्तित होतो आणि त्यामुळे ती दिसते. निऑन टेट्रा या लोकप्रिय माशाचा निळा पट्टा हा अशाच स्फटिकांचा खेळ आहे. म्हणूनच अंधारात राहिलेल्या निऑन टेट्राचा पट्टा दिवा लावताक्षणी जांभळट दिसतो आणि काही वेळाने पुन्हा निळा-हिरवा होतो.

तळाच्या रंगाचा सर्वाधिक परिणाम होतो तो काळ्या रंगपेशींवर. या पेशींना चहूबाजूंनी फाटे फुटलेले असतात. मेलॅनिनचे कण पेशीच्या मध्यभागी गोळा झाले की त्वचा फिकी दिसते आणि तेच कण फाट्यांमधून पसरले की त्वचा गडद होते. पांढऱ्या ताटात चमचाभर मोहरी एका ठिकाणी ढीग करून ठेवली तर ताट पांढरेच दिसते. तीच मोहरी ताटभर पसरली तर ताट काळपट भासते. मोहरीचे प्रमाण दोन्ही वेळा सारखेच असते. मासा एका रात्रीत फिका पडतो तेव्हा त्याचा रंग ‘उडालेला’ नसतो, तो आवरून घेतलेला असतो.

हा आदेश पेशींना मिळतो तो डोळ्यांमार्फत. फ्रेंच शास्त्रज्ञ जॉर्ज पुशे यांनी १८७० च्या दशकात चपट्या सागरी माशांवर प्रयोग करून दाखविले की, दृष्टी गेलेला मासा तळानुसार रंग बदलू शकत नाही. मधमाश्यांच्या नृत्यभाषेच्या संशोधनासाठी १९७३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळविणारे कार्ल फॉन फ्रिश यांनीही आपल्या संशोधनाचा आरंभ माशांच्या रंगपेशींपासूनच केला होता. मिन्नो जातीच्या लहानशा माशाच्या डोक्यावरील एका जागेलाही, डोळ्यांव्यतिरिक्त, प्रकाशाची जाणीव असते, असे त्यांनी १९११ मध्ये नोंदविले. मात्र तळ काळा आहे की पांढरा, हे ओळखण्याचे काम डोळ्यांचेच आहे. एकाच टाकीतील इतर सर्व मासे फिकट असताना एखादाच मासा सतत काळवंडलेला राहत असेल, तर त्याची दृष्टी गेलेली असण्याची शक्यता अनुभवी मत्स्यपालक लक्षात घेतात. डोळ्यांतून संदेश न आल्याने त्या माशाच्या पेशी रंग आवरून घेत नाहीत.

डोळे नेमके काय मोजतात, हाही प्रश्न रंजक आहे. मासा केवळ एकूण उजेड मोजत असता, तर प्रखर दिव्याखालील काळी वाळू आणि मंद दिव्याखालील पांढरी वाळू यांत त्याचा गोंधळ उडाला असता. तसे होत नाही. वरून येणारा प्रकाश माशाच्या दृष्टिपटलाच्या खालच्या भागावर पडतो आणि तळावरून परावर्तित होणारा प्रकाश वरच्या भागावर पडतो. या दोहोंच्या प्रमाणावरून तळाचा उजळपणा ठरविला जातो. त्यामुळे दिवा मंद केल्याने पांढऱ्या खडीचा परिणाम पूर्णपणे जात नाही. तळाशी काहीही न घालता टाकी पांढऱ्या टेबलावर ठेवली, तरी काचेतून वर येणारा प्रकाश पांढऱ्या तळाचेच काम करतो.

तळाशी मिळून जाण्याच्या कलेत चपटे मासे सर्वांत निष्णात आहेत. कोकण किनाऱ्यावर ‘लेप’ म्हणून ओळखला जाणारा मासा याच चपट्या माशांच्या गोतावळ्यातला होय. अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ फ्रान्सिस समनर यांनी इटलीतील नेपल्स येथे या माशांना वाळू, खडे तसेच काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या तळावर ठेवून पाहिले आणि आपले निष्कर्ष १९११ मध्ये प्रसिद्ध केले. मासे केवळ फिकट वा गडद होत नव्हते, तर तळावरील ठिपक्यांच्या आकारानुसार त्यांच्या अंगावरील नक्षीही भरड किंवा बारीक होत होती. पुढे १९९६ मध्ये, तामिळनाडूत जन्मलेले मेंदूशास्त्रज्ञ विलयनूर रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उष्ण कटिबंधातील एका चपट्या माशाला हा बदल करण्यास अवघे काही सेकंद पुरतात, असे दाखवून दिले. घरच्या टाकीतील माशांकडून एवढ्या कौशल्याची अपेक्षा करता येत नाही. त्यांना नक्षी जुळविता येत नाही, परंतु फिकट-गडद होणे त्यांनाही जमते.

या बदलाचे दोन टप्पे आहेत आणि पाळणाऱ्याच्या दृष्टीने त्यांतील फरक महत्त्वाचा आहे. पहिला टप्पा जलद असतो. चेतातंतू आणि संप्रेरके यांच्या आदेशाने रंगकण गोळा होतात किंवा पसरतात. त्याला जातीनुसार काही सेकंदांपासून काही तासांपर्यंत वेळ लागतो आणि तळ बदलताच तो उलटवताही येतो. दुसरा टप्पा संथ असतो. मासा एकाच रंगाच्या तळावर अनेक दिवस, आठवडे राहिला की रंगपेशींची संख्याच बदलू लागते. जपानमध्ये घरोघरी पाळल्या जाणाऱ्या मेदाका या इवल्याशा माशावर मासाझुमी सुगिमोतो यांनी केलेल्या संशोधनातून असे दिसून आले की, पांढऱ्या तळावर दीर्घकाळ ठेवलेल्या माशांतील काळ्या रंगपेशी मरून कमी होतात, तर काळ्या तळावर त्या वाढतात. अशा माशाला नंतर काळ्या तळावर आणले, तरी पूर्वीचा गडदपणा परतण्यास अवधी द्यावाच लागतो. पेशी नव्याने तयार व्हाव्या लागतात.

या प्रक्रियेतील एक महत्त्वाचे संप्रेरक जपानी शास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये चम सामन माशाच्या पीयूषिका ग्रंथीतून वेगळे केले. पांढऱ्या तळावर ते अधिक प्रमाणात स्रवते आणि रंगकणांना पेशीच्या मध्यभागी एकवटण्यास भाग पाडते. कालांतराने हेच संप्रेरक मानवासह सस्तन प्राण्यांच्या मेंदूतही आढळले. तेथे मात्र त्याचा संबंध त्वचेच्या रंगाशी नसून मुख्यत्वे भुकेशी असल्याचे निष्पन्न झाले. माशांमध्येही या दोन्ही गोष्टींचा धागा जुळलेला असावा, असे मानण्यास आधार आहे. जपानमध्ये संवर्धन केल्या जाणाऱ्या बारफिन फ्लाउंडर या चपट्या माशाची वाढ पांढऱ्या टाक्यांमध्ये अधिक वेगाने होते, असे आढळून आले आहे. तळाचा रंग हा निव्वळ सजावटीचा विषय नाही, याचे हे बोलके उदाहरण म्हणता येईल.

मुळात माशांना ही शक्ती कशासाठी लाभली, याचे उत्तर ‘शत्रूपासून बचावासाठी’ असे सहज दिले जाते. मात्र ते प्रयोगाने तपासण्याचे काम समनर यांनी १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियात केले. त्यासाठी त्यांनी निवडलेला गंबुसिया हा मासा भारतालाही परिचित आहे. डासांच्या अळ्या खाणारा हा मासा गप्पीप्रमाणेच हिवताप नियंत्रणासाठी आपल्याकडील विहिरी आणि हौदांतून सोडला जात आला आहे. समनर यांनी काही गंबुसिया काळ्या आणि काही पांढऱ्या टाक्यांत कित्येक आठवडे वाढविले. नंतर दोन्ही प्रकारचे मासे एकत्र करून काळ्या तसेच फिकट टाकीत सोडले आणि त्यांच्या मागे गॅलापागोस बेटांवरील पेंग्विन पक्षी लावले. टाकीच्या रंगाशी न जुळणारे मासे पेंग्विनांनी अधिक संख्येने टिपले. पुढे बगळे आणि शिकारी मासे यांच्यासह झालेल्या प्रयोगांतही कल तोच राहिला. घरच्या टाकीत पेंग्विन येणार नाही हे खरे, परंतु माशाच्या मेंदूला त्याची कल्पना नसते.

तळाचा परिणाम एका माशाच्या आयुष्यापुरताच मर्यादित नाही, हे गप्पी माशांनी दाखवून दिले. जीवशास्त्रज्ञ जॉन एंडलर यांनी त्रिनिदाद बेटावरील गप्पी अमेरिकेत कृत्रिम तलावांमध्ये सोडले. काही तलावांच्या तळाशी रंगीबेरंगी भरड खडी होती, तर काहींत बारीक. काही तलावांत गप्पींना खाणारे मोठे मासेही सोडण्यात आले. ज्या तलावांत शत्रू होते, तेथे काही पिढ्यांतच नर गप्पींच्या अंगावरील ठिपके कमी झाले आणि त्यांचा आकार खडीच्या आकाराशी जुळू लागला. शत्रू नसलेल्या तलावांत याच्या नेमके उलट घडले. नर अधिक रंगीत झाले आणि त्यांचे ठिपके खडीशी विसंगत, म्हणजे मादीच्या नजरेत भरतील असे झाले. सन १९८० मध्ये प्रसिद्ध झालेले हे संशोधन नैसर्गिक निवडीचा पुरावा म्हणून आजही शिकविले जाते. येथे बदल होता तो आनुवंशिक. एका गप्पीने आपले ठिपके बदलले नव्हते, तर कोणता गप्पी जगतो आणि कोणत्याला जोडीदार मिळतो, हे तळाने ठरविले होते. घरच्या टाकीत नवी खडी घातल्यावर दिसणारा बदल आणि हा बदल यांची गल्लत करू नये.

आता पुन्हा घरच्या टाकीकडे. गडद तळावर मासे अधिक रंगीत दिसतात, हा छंदिष्टांचा जुना अनुभव आहे आणि त्यामागे दोन वेगवेगळी कारणे आहेत. एक म्हणजे वर सांगितल्याप्रमाणे माशाची त्वचा खरोखरच गडद होते. काळ्या रंगकणांच्या पार्श्वभूमीवर लाल-निळे पट्टे उठून दिसतात. दुसरे कारण माशात नसून पाहणाऱ्याच्या डोळ्यांत आहे. काळ्या मखमलीवर ठेवलेला दागिना पांढऱ्या कापडावरील दागिन्यापेक्षा अधिक झळाळतो, तसाच हा प्रकार. पहिला परिणाम दिसण्यास वेळ लागतो, दुसरा खडी पसरताच दिसतो. म्हणूनच नवी काळी वाळू घातल्याच्या पहिल्या संध्याकाळी ‘रंग लगेच खुलला’ असे वाटते, त्यात माशाचा वाटा फारसा नसतो.

तांबड्या आणि पिवळ्या रंगाच्या बाबतीत तर तळाच्या मर्यादा ठळक आहेत. हे रंग देणारी कॅरोटिनॉइड गटातील द्रव्ये माशाला स्वतःच्या शरीरात मुळापासून तयार करता येत नाहीत, ती अन्नातूनच मिळवावी लागतात. निसर्गात ती शेवाळ आणि सूक्ष्म कवचधारी जीवांतून मिळतात. बाजारातील चांगल्या खाद्यात त्यासाठी स्पिरुलिना, कोळंबीची भुकटी अथवा अस्टाझँथिन हे द्रव्य घातलेले असते. निकृष्ट खाद्यावर जगणाऱ्या माशाखाली कितीही काळी वाळू अंथरली, तरी त्याचा लाल रंग खुलणार नाही. तो नुसताच काळपट दिसेल.

काळा तळ सर्वांनाच मानवतो, असेही नाही. थायलंडमध्ये विकसित झालेल्या ‘पिजन ब्लड’ या डिस्कस माशाच्या प्रकाराचे उदाहरण पाळणाऱ्यांना चांगलेच ठाऊक आहे. या नारिंगी माशाच्या अंगावर गडद तळामुळे मिरपूड भुरभुरावी तसे काळे ठिपके उमटतात, त्यामुळे त्याला मुद्दाम फिकट रंगाच्या टाकीत ठेवण्याची प्रथा आहे. खाण्यासाठी माशांचे संवर्धन करणाऱ्यांनाही हाच अनुभव आला. भूमध्य समुद्रातील रेड पोर्गी हा गुलाबी मासा बंदिस्त संवर्धनात काळवंडतो आणि ग्राहक त्याच्याकडे पाठ फिरवितात. पांढऱ्या टाकीत ठेवल्यास तो उजळतो, असे संशोधनात आढळले. ऑस्ट्रेलियात स्नॅपर माशांवर झालेल्या चाचण्यांतही पांढऱ्या पिंजऱ्यांमुळे माशांची त्वचा उजळल्याचे दिसून आले. गोल्डफिशचे प्रकरण आणखी निराळे आहे. त्याची पिल्ले प्रथम मातकट असतात आणि वाढीच्या ओघात काळ्या रंगपेशी नाहीशा झाल्यावर ती केशरी होतात. पूर्ण केशरी झालेल्या गोल्डफिशमध्ये पसरण्यासाठी काळे रंगकणच फारसे उरलेले नसल्याने काळ्या तळाची जादू त्याच्यावर क्वचितच चालते. संपूर्ण वर्णहीन माशांबाबतही हेच म्हणता येईल.

फिकट रंग हे नेहमीच तळाशी जुळवून घेतल्याचे लक्षण असेल, असेही समजता येत नाही. भीती आणि ताण यांमुळेही मासे रंग आवरून घेतात. गंगा आणि ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात आढळणारा बॅडिस हा छोटा मासा मनःस्थितीनुसार इतक्या झपाट्याने रंग पालटतो की त्याला मत्स्यप्रेमी ‘सरडा मासा’ म्हणतात. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेतील माशांवरील आपल्या ग्रंथात १८२२ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. त्याच ग्रंथात वर्णन झालेला आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत वापरला जाणारा झेब्रा मासा अर्ध्या काळ्या आणि अर्ध्या पांढऱ्या टाकीत सोडला, तर साधारणपणे काळ्या बाजूला राहणे पसंत करतो. माशातील भीतीचे मोजमाप करण्यासाठी शास्त्रज्ञ या सवयीचा उपयोग करून घेतात. प्रखर दिवा, पांढरीशुभ्र खडी आणि लपण्यास एकही वनस्पती नाही, अशी टाकी पाहणाऱ्याला प्रसन्न वाटली, तरी अशा माशाला ती उघड्या माळरानासारखी भासत असावी.

खडीची निवड करताना रंगाइतकेच तिच्या रसायनाकडे लक्ष देणे आवश्यक आहे. आपल्याकडे सर्रास वापरले जाणारे पांढरे तुकडे बहुधा संगमरवराचे असतात. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आम्लधर्मी मृदू पाण्यात ते हळूहळू विरघळते आणि पाणी जड व क्षारधर्मी होते. अॅमेझॉनच्या खोऱ्यातील मृदू पाण्यातून आलेल्या टेट्रा वा डिस्कस माशांना ते मानवत नाही. शंख-शिंपल्यांचे तुकडे असलेल्या समुद्रकाठच्या वाळूचीही हीच अडचण आहे. महाराष्ट्रात मुबलक मिळणारा काळा बेसाल्ट पाषाण या दृष्टीने बराच सुरक्षित आहे. परंतु क्रशरवरील खडीच्या कडा धारदार असतात आणि तळाशी चरणाऱ्या कोरिडोरस माशांच्या नाजूक मिशा त्यामुळे झिजतात. शिवाय दख्खनच्या या खडकातील पोकळ्यांत कॅल्साइटचे पांढरे स्फटिकही सापडतात. कोणत्याही खडीवर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाकून फेस येतो का, हे पाहणे हा सोपा उपाय आहे. फेस आल्यास ती खडी चुनखडीयुक्त समजावी. कृत्रिम रंग दिलेली खडी पांढऱ्या बादलीत काही दिवस भिजवून ठेवल्यास तिचा रंग सुटतो की नाही, हेही कळते.

रंगाच्या मोहातून काही व्यापारी भलत्याच मार्गाला लागतात. भारतातील नद्या आणि तळ्यांत आढळणाऱ्या पारदर्शक काचमाशाच्या शरीरात सुईने रंग टोचून तो भडक गुलाबी, हिरवा करून विकण्याचा प्रकार आशियातील बाजारपेठांत दीर्घकाळ चालत आला आहे. अनेक मासे या क्रियेतच दगावतात. जगलेल्यांचा रंग काही महिन्यांत उतरतो. अशा माशाचा रंग कोणताही तळ परत आणू शकत नाही, कारण तो त्याचा नव्हताच. दुकानांतील गुलाबी-निळसर दिवे हा त्या मानाने निरुपद्रवी उपाय होय. मासा विकत घेण्यापूर्वी तो पिशवीत घालून दिवसाच्या प्रकाशात पाहिल्यास त्याचा खरा रंग समजतो.

नवा मासा फिकट दिसू लागल्यास लगेच औषध घालण्याचे कारण नाही. मासा खात आहे का, पर आखडून बसला आहे का, कल्ले नेहमीपेक्षा जलद हलत आहेत का, अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके किंवा पांढुरका बुळबुळीत थर आहे का, हे आधी पाहावे. यांपैकी काहीही नसेल आणि सर्वांगाचा रंग एकसारखा उतरलेला असेल, तर प्रवासाचा ताण आणि टाकीचा तळ यांचा विचार प्रथम करावा. काही दिवस दिवा मंद ठेवणे, टाकीच्या मागील काचेला गडद कागद लावणे आणि पाण्यात वनस्पती वाढविणे एवढ्यानेही फरक पडतो.

तळ बदलण्याचे ठरविल्यास संपूर्ण खडी एकाच दिवशी काढू नये. माशांच्या विष्ठेतून निर्माण होणाऱ्या विषारी अमोनियाचे विघटन करणारे जीवाणू फिल्टरप्रमाणेच या खडीवरही वस्ती करून असतात. ते एकदम नाहीसे झाल्यास रंग खुलविण्याच्या प्रयत्नात मासेच गमवावे लागतात. दर आठवड्याला थोडा थोडा भाग बदलणे श्रेयस्कर. त्यानंतरही नव्या रंगपेशी तयार होण्यास काही आठवडे लागतात, तोवर खडी पुन्हा बदलू नये.